लॅपटॉपची एक्स्टेंडेड वॉरंटी: काउंटरवर नको, घरी जाऊन ठरवा

नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, लॅपटॉप घ्यायला गेलं की शेवटी एक प्रश्न येतोच. मॉडेल पसंत पडलेलं असतं, भाव ठरलेला असतो, कार्ड मशीनला लावायचंच बाकी असतं, आणि सेल्समन म्हणतो, "काकाजी, २ वर्षांची वॉरंटी वाढवून देऊ का? ५ हजारच तर होऊन राहिले." बाजूला पोरगं नव्या डब्याकडे बघत उभं असतं. ६० हजार दिलेच आहेत, त्यात ५ हजारांनी काय होतं, म्हणून माणूस हो म्हणतो. नाहीतर ही सगळी लुटायची कामं, म्हणून झटकन नाही म्हणतो. दोन्ही उत्तरं कागद न वाचता दिलेली असतात.

मी १३ वर्षांपासून बर्डीवर लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. वॉरंटी संपलेली, वॉरंटीत नाकारलेली, आणि वॉरंटी असून घरच्यांना माहीतच नसलेली, अशी तिन्ही तऱ्हेची मशिनं माझ्या टेबलावर येतात. दुरुस्तीवर माझं पोट आहे, म्हणजे वॉरंटी घेऊ नका असं सांगण्यात माझा फायदा आहे. हे आधी सांगून टाकतो, आणि म्हणूनच खाली माझ्या मतापेक्षा ठरवायची पद्धत जास्त सांगितली आहे. पहिल्यांदाच लॅपटॉप घेणाऱ्यांनी ती क्रमानं करून बघावी.

१. काउंटरवर उत्तर देऊ नका

सेल्समनला फक्त दोन गोष्टी विचारा: हा प्लॅन लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा आहे की दुकानाचा किंवा तिसऱ्याच कुणाचा? आणि तो घ्यायची शेवटची तारीख कोणती? उत्तर बिलाच्या मागं लिहून घ्या.

कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी बहुतेक वेळा मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत कधीही घेता येते, कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा सर्व्हिस सेंटरमधून. म्हणजे १ वर्षाची वॉरंटी असेल, तर तुमच्याकडे विचार करायला जवळजवळ वर्ष असतं. ते वर्ष फार कामाचं असतं. मशीन किती तापतं, पोरगा ते कसं वापरतो, कितीदा पडता पडता वाचलं, हे सगळं तेवढ्यात कळतं. बनावटीतला दोष असेल तर तो बऱ्याचदा पहिल्या काही महिन्यांतच डोकं वर काढतो, आणि ते महिने मूळ वॉरंटीतच असतात.

अपघाताच्या कव्हरची गोष्ट वेगळी. लॅपटॉप पडला, पाणी सांडलं, स्क्रीन फुटली, यासाठीचा जो प्लॅन असतो तो खरेदीपासून थोड्याच दिवसांत घ्यावा लागतो, कुणाकडे ३० दिवस तर कुणाकडे ६०. ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. घरी येऊन विचार करायला तेवढे दिवसही पुरतात.

२. हातात आधी काय आहे ते बघा

लॅपटॉप उलटा करा. खालच्या बाजूला सिरियल नंबर असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली, कधी संपते आणि कोणत्या प्रकारची आहे ते दिसतं. हे पहिल्या आठवड्यातच करा. दुकानात बरेच महिने पडून असलेल्या मालाची वॉरंटी कंपनीच्या नोंदीत तुमच्या बिलाच्या आधीच सुरू झालेली असते, असं मी अनेकदा पाहिलं आहे. पक्कं जीएसटी बिल पाठवलं की कंपनी तारीख दुरुस्त करून देते. कच्च्या बिलावर माल घेतलेला असेल तर इथंच अडकतं.

वॉरंटी ऑन-साइट आहे की कॅरी-इन, हेही तिथंच कळतं. ऑन-साइट म्हणजे माणूस घरी येतो, कॅरी-इन म्हणजे तुम्ही सेंटरवर जायचं. नागपुरात राहणाऱ्याला याचा फार फरक पडत नाही. पण लॅपटॉप पुढं गडचिरोलीला किंवा अहेरीला जाणार असेल, तर तिथला पिन कोड कंपनीला विचारून घ्या. सगळ्या पिन कोडवर माणूस येत नाही, आणि दोनदा नागपूरला यायचा खर्च आणि खाडा धरला की स्वस्त प्लॅन महाग पडतो.

काही मॉडेलना, खास करून ऑफिससाठी बनवलेल्या, मुळातच ३ वर्षं मिळतात. दिवाळीच्या किंवा कॉलेज सुरू होतानाच्या ऑफरमध्ये कधी वाढीव वॉरंटी फुकट असते, फक्त ठरावीक दिवसांत नोंदणी करावी लागते. ती राहून जाते. डब्यातला प्रत्येक कागद वाचा.

३. कागद कोणता, ते ओळखा

"वॉरंटी वाढवून देतो" या एकाच वाक्याखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, कंपनीची वाढीव वॉरंटी. मूळ वॉरंटीत जे होतं तेच आणखी वर्ष-दोन वर्षं. आपोआप बिघडलेला मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड), बंद पडलेला पंखा, मेलेली एसएसडी (फाइली साठवणारा भाग). पडणं, फुटणं, भिजणं यात नाही. बॅटरी बऱ्याच कंपन्यांत १ वर्षच धरतात, मग तुम्ही वॉरंटी ३ वर्षांची का घेईना. बॅटरीचं कव्हर वेगळं विकत मिळतं.

दुसरी, अपघाताचं कव्हर. पडणं, सांडणं, फुटणं यासाठी. यात वर्षाला किती क्लेम, आणि प्रत्येक क्लेमला तुम्ही किती भरायचे, हे बघायचं.

तिसरी, दुकानाचा किंवा बाहेरच्या कंपनीचा प्लॅन. नाव मोठं असतं, अटी बारीक अक्षरात असतात. याबद्दल पुढं येतो.

चोरी यातल्या पहिल्यात नाहीच, दुसऱ्यातही सहसा नसते. त्यासाठी विमा लागतो.

४. नागपुरात लॅपटॉप कशानं बिघडतो

हा भाग मी लांबवणार आहे, कारण इथंच निर्णय होतो.

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान साधारण ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, २०१३ च्या मे महिन्यात तर तो ४७.९ वर गेला होता. त्या हवेत लॅपटॉप गादीवर ठेवून पोरं ५-५ तास बसतात. खालची हवेची जाळी गादीनं बंद झालेली, आणि बाहेरची हवाच तापलेली. प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला त्याच्यावर लावलेली पेस्ट वाळते, बॅटरी लवकर दम तोडते.

परवाच एक मशीन उघडलं. तक्रार होती, "भाऊ, गरम होऊन बंद पडून राहिलं." मागचं झाकण काढलं, पंखा सोडवला. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये राखाडी धुळीची पट्टी बसली होती, नमद्यासारखी घट्ट. चिमट्यानं एक टोक धरलं आणि अख्खी पट्टी एका तुकड्यात निघून आली. हवा जायला जागाच नव्हती. सफाई केली, नवी पेस्ट लावली, २० मिनिटांत मशीन शांत. त्या लॅपटॉपची वाढीव वॉरंटी चालू होती. पण धूळ साफ करणं हे देखभालीचं काम, ते वॉरंटीत सहसा येत नाही.

मग कूलर. आपल्याकडे खोलीत कूलर नसेल तर उन्हाळा निघत नाही, आणि पोरांच्या खोलीत पलंग कूलरच्या अगदी तोंडासमोर असतो. कूलरची ताटी जास्त भिजली की पंख्यासोबत बारीक तुषार उडतात. अंगाला बरं वाटतं, पण तेच तुषार लॅपटॉपच्या कीबोर्डमधून आत जातात.

तिसरं, वीज. अवकाळी वादळात तारा हलतात, न्यूट्रलची तार सुटते, आणि २३० च्या जागी घरात त्याहून कितीतरी जास्त व्होल्टेज येतं. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं. त्याच्या पलीकडे गेलं की बिचारा अडॅप्टर स्वतः जळतो आणि बरेचदा मशीन वाचवतो. कधी आतला चार्जिंगचा भागही सोबत जातो. वीज कमी-जास्त झाल्यानं झालेलं नुकसान बहुतेक वॉरंट्यांच्या नकारयादीत असतं.

आणि हिंज, म्हणजे स्क्रीनची बिजागरी. एका कोपऱ्याला धरून स्क्रीन उघडायची सवय असली की दोन-अडीच वर्षांत आतलं प्लास्टिक तुटतं. कंपनी याला अनेकदा फिजिकल डॅमेज म्हणते.

आता ही यादी आणि वाढीव वॉरंटीचा कागद शेजारी ठेवा. धूळ, पाणी, वीज, हिंज. माझ्या टेबलावर येणारी बहुतेक कामं ही, आणि साध्या वाढीव वॉरंटीत यातलं जवळजवळ काहीच बसत नाही. ज्याच्यासाठी ती आहे, तो आपोआप गेलेला बोर्ड. तोही येतो, पण या चौघांच्या मानानं कमी.

५. नकारयादी आधी वाचा

कागद हातात आला की काय मिळतं ते सोडा, काय मिळत नाही ते आधी वाचा.

मागच्या जूनमध्ये ब्रह्मपुरीहून एक काकू आणि त्यांची मुलगी आल्या. मुलगी बजाज नगरात खोली घेऊन शिकते. लॅपटॉप चालूच होत नव्हता. काकूंनी पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला कागद काढला, "भाऊ, आम्ही ५,२०० रुपये भरून वॉरंटी घेतली होती. तरी ते नाही म्हणून राहिले." मी मशीन उघडलं. बोर्डावर एक छोटा पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं की तो लाल होतो. तो लाल झालेला होता. चार्जिंगच्या भागाजवळ हिरवट-पांढरा थर चढला होता. "कधी पाणी सांडलं का बेटा?" विचारलं. नाही म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. मग विचारलं, पलंग कुठं आहे? कूलरच्या समोर.

कागदाच्या दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं: द्रव पदार्थामुळं झालेलं नुकसान, किडे-मुंग्यांमुळं झालेलं नुकसान, वीजपुरवठ्यातील दोष, हे कव्हरमध्ये नाही. ते पान विकताना कुणी उलटून दाखवलं नव्हतं. बोर्ड रसायनानं धुतला, चार्जिंगची आयसी, म्हणजे छोटी चिप, बदलली, ३,८०० रुपयांत मशीन सुरू झालं. काकूंनी पैसे दिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि ते मला अजून खटकतं. त्याच दुकानात, त्याच दिवशी, थोडे जास्त पैसे भरून अपघाताचं कव्हर मिळत होतं. त्यांना ते हवं होतं. त्यांना दुसरंच विकलं गेलं.

६. हिशोब करा

यासाठी फक्त दोन आकडे लागतात. प्लॅनची किंमत, आणि त्या प्लॅनमध्ये बसणाऱ्या सगळ्यात मोठ्या दुरुस्तीचा खर्च. दुसरा आकडा सर्व्हिस सेंटरला फोन करून मिळतो: "या मॉडेलचा मदरबोर्ड वॉरंटीबाहेर केवढ्याला पडेल?" अंदाज देतात.

समजा २ वर्षांचा प्लॅन ६ हजारांचा आणि बोर्ड २२ हजारांचा. ६ भागिले २२, म्हणजे ११ मध्ये ३. तुमच्यासारख्या दर ११ लॅपटॉपपैकी ३ चे बोर्ड त्या २ वर्षांत आपोआप गेले, तर प्लॅनची किंमत बरोबरीत सुटते. तेवढे जातात का? साध्या कामाच्या, बऱ्या कंपनीच्या लॅपटॉपचे नाही जात, असा माझा अनुभव. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंपनी अख्खा बोर्ड बदलते म्हणून २२ हजार सांगते. बर्डीवर त्याच बोर्डाचा बिघडलेला भाग शोधून तेवढाच बदलायचं काम बरेचदा अडीच ते ६ हजारांत होतं. म्हणजे प्लॅनच्या पैशात दुरुस्ती.

पण हा हिशोब सगळीकडे असा येत नाही, आणि माझीच एक चूक सांगतो. माझ्या भाच्यानं गेमिंगचा लॅपटॉप घेतला. वर्ष संपत आलं तेव्हा त्यानं विचारलं, "मामा, ७ हजारांत २ वर्षं मिळून राहिले, घेऊ का?" मी म्हटलं, राहू दे, मी आहे ना. एकोणिसाव्या महिन्यात ग्राफिक्सची चिप गेली. त्या चिपचं काम माझ्याच्यानं टिकाऊ होत नाही, दोनदा करून पाहिलं, महिनाभर चालून पुन्हा गेली. कंपनीनं बोर्डाचे ४८ हजार सांगितले. ७ भागिले ४८ म्हणजे साधारण ७ मध्ये १. आणि गेमिंगचं मशीन, नागपूरची गरमी, रोजचे ६ तास. हा हिशोब मी तेव्हा कागदावर मांडला असता तर घे म्हणालो असतो.

म्हणून भागाकार करून झाला की मशीनकडे बघा. वेगळी ग्राफिक्स चिप आहे का? फार पातळ आहे का, ज्यात रॅम आणि कधी एसएसडीसुद्धा बोर्डालाच डकवलेली असते, म्हणजे एक गेलं की सगळं गेलं? मॉडेल इतकं नवं किंवा दुर्मीळ आहे का, की बाजारात पार्ट मिळणार नाही? यातलं काही असेल तर कंपनीची वाढीव वॉरंटी घेण्याकडे कल ठेवा. ३०-३५ हजारांचा, घरी टेबलावर ठेवून वापरायचा लॅपटॉप असेल तर ते पैसे वेगळे ठेवा. खरंच वेगळे, पोस्टात किंवा बँकेच्या आरडीत. खिशात ठेवलेले ५ हजार २ वर्षं टिकत नाहीत.

एक गोष्ट भागाकारात येत नाही. अचानक २० हजार उभे करणं ज्या घराला शक्य नाही, किंवा मिहानमधल्या (नागपूरच्या विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीतल्या) नोकरीचं काम घरून याच मशीनवर चालतं आणि ४ दिवस मशीन बंद म्हणजे ४ दिवसांचा पगार, त्यांच्यासाठी हिशोबात थोडा तोटा दिसला तरी ऑन-साइट कव्हर योग्य आहे. निश्चिंतीचे पैसे देण्यात काही चूक नाही. फक्त ती निश्चिंती कागदात लिहिलेली असली पाहिजे.

हॉस्टेलला जाणाऱ्या पोरांसाठी माझं मत पक्कं आहे: साधी वाढीव वॉरंटी सोडा, अपघाताचं कव्हर बघा. बॅगेत टाकून बसमध्ये, मेट्रोमध्ये, गाडीच्या हँडलला लटकवून नेलेला लॅपटॉप ४ वर्षांत एकदा तरी पडतोच.

७. दुकानाचा प्लॅन असेल तर

हे प्रश्न विचारा आणि उत्तर छापील कागदावर दाखवा म्हणा. दुरुस्ती कोण करणार, कंपनीचं सेंटर की ठरवलेलं दुसरं दुकान? पार्ट ओरिजिनल की चालेल तो? दरवर्षी मशीनची किंमत किती टक्के कमी धरणार? पूर्ण दुरुस्ती करता आली नाही तर रोख, की त्याच दुकानाचं कुपन? एक क्लेम झाल्यावर प्लॅन संपतो का? क्लेमसाठी फोन नंबर कोणता? तो नंबर तिथंच उभं राहून लावून बघा. लागला नाही, तर पुढचा विचार करायची गरज नाही.

८. घेतला असेल तर

प्लॅन तुमच्या सिरियल नंबरवर चढला का, हे कंपनीच्या वेबसाइटवर ८ दिवसांनी तपासा. पैसे भरलेले आणि नोंदच नाही, अशी दोन मशिनं मी यावर्षी पाहिली. बिल आणि अटींच्या सगळ्या पानांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा, थर्मल कागदावरचं बिल नागपूरच्या उन्हाळ्यात वर्षभरात कोरं होतं. रॅम वाढवायची असेल तर आधी कंपनीला लेखी विचारा. आणि दुरुस्तीला देण्याआधी फाइली दुसरीकडे उतरवून ठेवा. एसएसडी बदलून मिळते, आतले फोटो आणि प्रोजेक्ट कुठल्याही वॉरंटीत नाहीत.

९. क्लेम नाकारला तर

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. नकार कोणत्या अटीखाली दिला ते लेखी मागा, आणि मशीन उघडलं असेल तर आतल्या नुकसानीचे फोटोही मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा. आठ-दहा दिवसांत काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथून तक्रार कंपनीपर्यंत जाते आणि पुष्कळ वाद तिथंच मिटतात.

तरीही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही करता येते. म्हणजे बर्डीवर घेतलेल्या लॅपटॉपसाठी भंडाऱ्याच्या माणसाला नागपूरला यायची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. मुदत मात्र २ वर्षांची आहे, वादाचं कारण घडलं तेव्हापासून. नकाराच्या कागदावर तारीख टाकून घ्यायची ती एवढ्यासाठीच.